तो लाइट जरा बंद करा हो!



खूप दिवसांनी लिहितेय. निमित्त लग्नाचं आहे आणि आधीच सांगून टाकते, हे भांडण आहे. ज्यांच्याशी आहे ते वाचतीलच, कारण आमच्या घरातली निम्मी माणसं हा ब्लॉग मी कुणाबद्दल काय लिहिलंय एवढंच बघायला उघडतात. :-)

तर झालं असं. धाकट्या काकांच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. हॉल झाला, केटरर झाला आणि गेल्या रविवारी व्हिडिओवाला घरी आला. त्याने तीन पॅकेजेस दाखवली. पहिल्यात दोन कॅमेरे. दुसऱ्यात तीन कॅमेरे आणि ड्रोन. तिसऱ्यात हे सगळं आणि वर 'फुल लाइट'. काकांनी अर्थातच तिसऱ्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, "फुल लाइट म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे ताई, काहीच अंधारात राहणार नाही. प्रत्येक कॅमेऱ्यावर एलईडी पॅनल, स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे लाइट, सगळे फुलवर."

"आणि कमी करायचे असतील तर?"

मी अळणी आमटी मागितल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि काका म्हणाले, "अगं, पैसे मोजून अंधार कशाला विकत घ्यायचा?"

सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण काका, हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी २००३ साली ऐकलं होतं. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी.

ज्यांना तो कार्यक्रम आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऐंशी वर्षं आणि वर काही महिने झाले की माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन गेलेल्या असतात, त्याचा हा सोहळा. आजीला पाटावर बसवलं होतं, अंजिरी रंगाचं नऊवारी, नाकात नथ. सुनांनी मोठ्या ताम्हनात ८१ दिवे लावले होते आणि एकेक जण ओवाळत होती. समोर व्हिडिओवाला. त्याच्याशेजारी एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, हातात हजार वॅटचा हॅलोजन, म्हणजे आपण ज्याला सनगन म्हणायचो तो. मागे वायर सांभाळणारा दुसरा पोरगा. सनगन आजीच्या तोंडापासून जेमतेम पाच फुटांवर होता. आजीच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तिने आधी पदर ओढला, मग हात कपाळाशी धरला, मग डोळेच मिटून घेतले.

मी तेव्हा कॉलेजात होते. त्याला म्हटलं, "दादा, त्यांना त्रास होतोय, जरा तो लाइट बंद करा ना." तो म्हणाला, "ताई, नंतर कॅसेट बघा, कशी लख्ख येते ते." आणि कुणीतरी मोठं माणूस मागून म्हणालं, "राहू दे गं, पैसे दिलेत ना, मग अंधारात कशाला?"

लख्ख आली. तीन व्हिडिओ सीडी आल्या, वर आजीचा फोटो आणि गुलाबाची फुलं. आजी २००७ साली गेली. तिची हलती-बोलती चित्रं जगात तेवढीच आहेत. आणि त्यांत जवळून घेतलेल्या प्रत्येक दृश्यात तिचे डोळे मिटलेले आहेत. कपाळ आणि नाक पांढरंफट्ट, मागे काळाकुट्ट हॉल, नऊवारीचा रंग कुठला ते सांगता येत नाही. ८१ दिव्यांच्या ज्योती पांढुरके ठिपके झाल्यात. त्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलाय असं एका फ्रेममध्येही दिसत नाही. ज्या प्रकाशासाठी सगळा सोहळा मांडला होता, तोच प्रकाश आपण पैसे मोजून पुसून टाकला.

आता माझं म्हणणं सांगते. लाइटिंग म्हणजे लाइट लावणं नव्हे. लाइट लावणं हे त्यातलं सगळ्यांत सोपं काम, बटण दाबलं की झालं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. प्रकाश कुठे पडू द्यायचा नाही, किती पडू द्यायचा, कुठून यावा, कसा यावा. हे जो करत नाही त्याने कितीही दिवे आणले तरी तो लाइटिंग करत नाही, नुसता उजेड पाडतो.

"तू कधीपासून कॅमेरावाली झालीस?" हा प्रश्न येणार हे माहीत आहे. नाही झाले. मी गणित शिकवते. पण जून २०२० पासून घरातल्या एका खोलीतून कॅमेऱ्यासमोर शिकवायची वेळ आली आणि हा धडा मी स्वतःच्या फजितीतून शिकले. पांढरा बोर्ड आणला. पहिल्याच तासाला त्यावर एक मोठा पांढरा डाग, नेमका वर्गसमीकरणाच्या मध्यभागी. मला वाटलं उजेड कमी पडतोय. म्हणून तो गोल रिंग लाइट मागवला. आता बोर्डावर एक बांगडी दिसायला लागली आणि माझ्या चष्म्यात दोन. म्हणून आणखी एक दिवा आणला. बांगड्या दुप्पट! मुलं खूश, मी रडकुंडीला.

शेवटी सुटलं ते दिवे काढल्यावर. डोक्यावरची ट्यूब बंद केली. खिडकीवर चादर टाकली. एकच टेबल लॅम्प ठेवला, तोही समोरून काढून बाजूला, असा की बोर्डावरून परतणारा प्रकाश कॅमेऱ्याकडे न येता कपाटाकडे जावा. आपतन कोन बरोबर परावर्तन कोन! आठवीच्या मुलांना जे मी फळ्यावर शिकवते ते मला फळ्यासमोर सुचलं नव्हतं. डाग गेला. चष्म्याचंही तसंच, दिवा जरा वर आणि बाजूला नेला की काचेत डोळे दिसतात, बांगडी नाही.

तेव्हापासून जमेल तसं वाचत आणि करून बघत आले. आणि सिनेमावाल्यांच्या सेटवर दिव्यांच्या बरोबरीने दिवे अडवायच्या वस्तू असतात हे कळल्यावर तर मी चाटच पडले. दिव्यालाच चार बाजूंनी झडपा असतात. 'कटर' नावाच्या काळ्या फळ्या असतात, नको तिथला प्रकाश कापायला. प्रकाश मऊ करायला बटर पेपर आणि पांढरं कापड. प्रकाश वळवायला थर्माकोलचा साधा पांढरा तुकडा, आपण गणपतीच्या मखराला वापरायचो तसला. काही वेळा तर काळं कापड फक्त एवढ्यासाठी उभं करतात की चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड उसळून येऊ नये. अंधार विकत घेणं म्हणतात ते हेच, काका. सिनेमावाले तो रोज विकत घेतात!

आणि हे आजचं नाही. सिनेमा जन्मला तोच सूर्य आवरत. एडिसनच्या लोकांनी १८९३ मध्ये अमेरिकेत चित्रीकरणासाठी जी काळी खोली बांधली, तिचं छप्पर उघडायचं आणि ती आख्खी खोली उन्हाच्या दिशेने फिरवता यायची. फ्रान्समध्ये मेलिएसने १८९७ साली काचेचा स्टुडिओ बांधला, आणि काचेतून येणारं ऊन सौम्य करायला पुन्हा कापडाचे पडदे लावले. आपल्याकडे फाळक्यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) केला तो सूर्याच्या भरवशावर. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी 'सिंहगड'मध्ये (१९२३) रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे आणले. तेही सगळं उजळून टाकायला नाही, तर रात्र रात्रीसारखी दिसावी म्हणून.

पण मला सगळ्यांत आवडतो तो किस्सा 'अपराजितो'चा, १९५६ सालचा. सत्यजित राय यांना बनारसच्या जुन्या घराचं अंगण हवं होतं. बन्सी चंद्रगुप्त ते उघड्यावर उभारणार होते, पण पावसाची भीती, म्हणून सेट कलकत्त्याच्या स्टुडिओत आत घ्यावा लागला. आता पंचाईत. अशा चौकात उजेड येतो तो वरच्या आभाळाच्या तुकड्यातून, सगळीकडून सारखा, सावली न टाकणारा. आणि स्टुडिओतले दिवे एका माणसाच्या चार सावल्या पाडणार. कॅमेरामन होते सुब्रत मित्र, वय पंचविशीच्या आसपास. त्यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे माणसांवर न मारता त्या कापडावर मारले. कापडावरून उसळून जो प्रकाश खाली आला तो आभाळासारखा आला. बस्स. एक कापड! आज जगभर ज्याला बाउन्स लाइट म्हणतात तो प्रकार त्यांनी तिथे गरजेपोटी करून दाखवला.

आणि १९५९ चा 'कागज़ के फूल'. काळोख्या स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत ज्यांनी पाहिलाय ते विसरणार नाहीत. व्ही. के. मूर्तींनी तो मोठा दिवा लावून नाही केला, बाहेरचं ऊन दोन आरशांनी आत वळवून केला. तो झोत दिसतो कारण बाकीचं सगळं त्यांनी काळं राहू दिलं. तिथे आमचा फुल लाइटवाला असता तर? झोत कुठला, स्टुडिओचा पत्रासुद्धा लख्ख दिसला असता.

"ते मोठे कलावंत गं, इथे लग्न आहे." बरं. मग कला सोडा, गणित घ्या. ते तर माझ्या हातचं आहे.

दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा. आता कॅमेऱ्यावर बसवलेलं पॅनल बघा. नवरी कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर, तिच्यामागे आई-वडील तीन मीटरवर. म्हणजे नवरीवर जेवढा प्रकाश त्याच्या एक चतुर्थांश आई-वडिलांवर. कॅमेरा नवरीला सांभाळणार, मागचे काळे पडणार. मागच्यांना उजळायला पॅनल वाढवलं की नवरी जळणार. आणि गुणोत्तर तेच राहणार, चारास एक, कारण अंतरं तीच आहेत. 'फुल' केल्याने काहीही सुटत नाही!

आता तोच दिवा उंच आणि लांब न्या. नवरीपासून सहा मीटर, आई-वडिलांपासून साडेसात मीटर. साडेसात भागिले सहा, १.२५, त्याचा वर्ग साधारण १.५६. म्हणजे फरक चारपटीवरून दीडपटीवर आला. दोघंही दिसतात. दिवा तोच, वीज तेवढीच, फक्त जागा बदलली. लांब नेल्याने एकूण प्रकाश कमी होतो, हो, पण तेवढा आजच्या कॅमेऱ्याला पुरतो.

दुसरी गोष्ट, दिव्याचा आकार. सूर्य केवढा प्रचंड, पण आपल्याला दिसतो रुपयाएवढा, म्हणून भर दुपारची सावली कडक असते. ढग आले की आख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. चेहऱ्याच्या दृष्टीने दिवा जितका मोठा दिसेल तितका प्रकाश मऊ. कॅमेऱ्यावरचं पॅनल वहीएवढं असतं. त्यापुढे पांढरी डबल बेडची चादर धरली किंवा तोच दिवा पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारला, की वहीचा दिवा भिंतीएवढा होतो. सुरकुत्या, घाम, नाकाची सावली, सगळं सौम्य होतं. यासाठी 'स्किन स्मूथ' करणारं सॉफ्टवेअर लागत नाही.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याला उजेडाची एक संख्या मिळते, साध्या व्हिडिओत ० ते २५५. कपाळ २५५ ला पोचलं की पुढे मोजायला जागाच नाही. तिथे कुंकवाखालची कातडी, घामाचा थेंब, आठी, काहीही उरत नाही, नुसता पांढरा कागद. अंधारात थोडं कमी आलेलं दृश्य जरा खरखरीत का होईना, पण ओढून वर काढता येतं. जळलेलं परत येत नाही. चांगल्या कॅमेऱ्यात म्हणूनच 'झेब्रा' नावाची सोय असते, जिथे जळतंय तिथे पडद्यावर पट्टे दिसतात. मी अलीकडच्या दोन लग्नांत मुद्दाम व्हिडिओवाल्याच्या मागे उभी राहून पाहिलं. दोघांनी झेब्रा बंद ठेवला होता. एकजण म्हणाला, "ते पट्टे फार त्रास देतात." अहो, म्हणूनच तर असतात ते!

रंगाबद्दल थोडक्यात. पिवळ्या बल्बचा आणि हॅलोजनचा प्रकाश साधारण ३२०० केल्विनचा, दिवसाचा ५६०० च्या आसपास. एका गालावर खिडकी आणि दुसऱ्या गालावर बल्ब असला की माणूस अर्धा निळा, अर्धा नारिंगी. आणि हल्ली सजावटवाले स्टेजवर जे जांभळे-निळे दिवे सोडतात त्यांबद्दल न बोललेलं बरं. लाल रंगाला लाल दिसायला लाल प्रकाश पडावा लागतो. निळ्या उजेडात लाल शालू काळपट दिसतो आणि हळद चिखलासारखी. वीस हजारांचा शालू घ्यायचा आणि त्यावर निळा दिवा मारायचा, याला काय म्हणावं?

आता समोरच्या बाजूचंही ऐकते, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे.

जुन्या कॅमेऱ्यांना उजेड खरंच लागायचा. व्हीएचएसच्या काळात हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये नुसती मुंग्यांची रांग दिसायची. तेव्हा सनगन ही गरज होती, मान्य. पण कॅमेरे कधीच बदलले आणि सवय तिथेच राहिली. सनगन गेला, पॅनल आलं, हात तोच.

दुसरं, व्हिडिओवाल्याला वेळ नसतो. गुरुजी थांबत नाहीत, मंगलाष्टकं संपली की संपली, आणि तीनशे माणसं मोबाइल वर करून मध्ये उभी. हेही खरं. पण म्हणूनच दिवे आदल्या दिवशी लावायचे असतात. मुहूर्ताला धावाधाव करणाऱ्याच्या हाती दिवा टॉर्चसारखाच वापरला जाणार.

आणि तिसरं, जे मला सगळ्यांत जास्त टोचतं. दोष व्हिडिओवाल्याचा नाहीच फारसा. तो आपण मागतो ते देतो. आपण मागतो काय? लख्ख. आणि 'लख्ख'च्या आत दडलेला शब्द कुठला ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गोरं. काका, रागावू नका, पण रविवारी काकू हळूच त्या माणसाला काय म्हणाल्या ते मी ऐकलं. "आमची जरा सावळी आहे, तेवढं लाइटमध्ये बघा." तो म्हणाला, "टेन्शन नको, एकदम उजळ करतो." नवरी शेजारीच चहाचे कप गोळा करत होती. तिनेही ऐकलं.

हा रोग एकट्या आपला नाही. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना रंग जुळवायला एक नमुना फोटो द्यायची, त्यात वर्षानुवर्षं एक गोरी बाई असायची. तंत्रज्ञ त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर, मग बाकीच्यांचं काहीही होवो. आपल्याकडे असं कार्ड लागतच नाही, ते आपल्या डोक्यात छापलेलं आहे. म्हणून आपण सावळ्या मुलीवर एवढा प्रकाश ओततो की तिचा चेहराच वाहून जातो. ती गोरी दिसत नाही, फक्त तिच्यासारखी दिसत नाही. खरं म्हणजे सावळ्या रंगावर बाजूने येणारा मोठा, मऊ प्रकाश जसा खुलतो तसा दुसऱ्या कशावर खुलत नाही. गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या शेंड्यावर एक चमक येते आणि बाकीचा चेहरा आपल्या रंगात शांत राहतो. पण त्यासाठी प्रकाश कमी करायची हिंमत लागते.

आता परत आजीकडे येते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली.

त्या तीन सीड्यांपैकी दुसरीत, साधारण मध्यावर, लाइट जातात. लोडशेडिंग! सनगन हॉलच्याच विजेवर, त्यामुळे तोही गेला. कॅमेरा मात्र बॅटरीवर होता, तो चालू राहिला. जनरेटर सुरू होईपर्यंत चाळीसेक सेकंद गेले असतील. एडिटिंगमध्ये ते कापायचं राहून गेलं असावं. त्या चाळीस सेकंदांत चित्र खरखरीत आहे, रंग नारिंगी आहे, हॉल दिसतच नाही. दिसतं ते फक्त ताम्हन आणि आजी. ती हळूच डोळे उघडते. आधी दिव्यांकडे बघते, मग ओवाळणाऱ्या माझ्या आईकडे, आणि हसून काहीतरी म्हणते. काय म्हणते ते कळत नाही, कारण आवाजाच्या जागी सनई टाकलेली आहे. मग जनरेटर लागतो, पांढरा झोत येतो आणि डोळे पुन्हा मिटतात.

मी हिशेब केला (सवय!). मेणबत्तीचा प्रकाश एक मीटरवर साधारण एक लक्स. निरांजनाची ज्योत लहान, ती निम्मी धरा. ८१ ज्योतींच्या झाल्या चाळीस मेणबत्त्या. ताम्हन चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे चौपट. झाले १६० लक्स. रात्री घरात दिवाणखान्यात आपण साधारण एवढ्याच उजेडात बसतो. सनगन पाच फुटांवरून काही हजार लक्स ओतत होता. २००३ च्या कॅमेऱ्यालाही १६० लक्समध्ये आजी दिसली. खरखरीत, पण दिसली. आजच्या कॅमेऱ्याला, अगदी खिशातल्या मोबाइललासुद्धा, ती स्वच्छ दिसली असती.

लाइट गेले म्हणून आपल्याकडे आजी आहे. एवढंच माझं म्हणणं आहे. ते चाळीस सेकंद नशिबाने मिळाले. पुढच्या वेळी ते ठरवून मिळवू या.

तर काका, माझ्या मागण्या अशा:

१. कॅमेऱ्यावरची पॅनल्स बंद. त्याचे जे पैसे वाचतील ते उंच स्टँडवरच्या दोन दिव्यांना द्या. दोन्ही स्टेजपासून लांब, पुढे पांढरं कापड किंवा तोंड छताकडे.

२. स्टेजवरचे जांभळे-निळे दिवे विधी चालू असताना बंद. संध्याकाळी रिसेप्शनला काय ते नाचवा.

३. दिवे आदल्या संध्याकाळी लावून बघायचे. नवरीच्या जागी मी बसते, शालूच्या रंगाची साडी नेसून. व्हिडिओवाल्याला झेब्रा चालू करायला लावायचा आणि कपाळावर पट्टे गेले की तिथेच दिवा थांबवायचा. आपल्या विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर. नाहीतर चित्रावर पट्ट्या सरकत राहतात.

४. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्या सगळ्या भावंडांनो, चेहऱ्यावर बोट दाबून धरा, उजेड लॉक होतो. आणि तो मागचा फ्लॅशचा दिवा कुणाच्याही तोंडावर लावाल तर मी मोबाइल काढून घेईन.

५. औक्षणाच्या वेळी समोरचे सगळे दिवे बंद. सगळे. फक्त निरांजन आणि हॉलचे थोडे मागचे दिवे. हा मुद्दा चर्चेला नाही.

६. 'उजळ करतो' म्हणणाऱ्याला स्पष्ट सांगायचं, जशी आहे तशी दाखव. हे काकूंनी सांगायचं. तिच्यासमोर.

तरीही कुणाला पटत नसेल तर एक करा. आज रात्री घरातल्या कुणाला तरी खिडकीशी बसवा. मोबाइलचा फ्लॅश लावून दहा सेकंद व्हिडिओ घ्या. मग फ्लॅश बंद करून, खोलीच्या कोपऱ्यातला एकच दिवा भिंतीकडे तोंड करून लावा आणि पुन्हा दहा सेकंद घ्या. दोन्ही एकामागून एक बघा. पहिल्यात कोण आहे ते कळेल. दुसऱ्यात तो माणूस कसा आहे ते कळेल. आमच्या आईवर मी हा प्रयोग केला. पहिला व्हिडिओ बघून ती म्हणाली, "किती म्हातारी दिसते मी." दुसरा बघून काहीच म्हणाली नाही, फक्त पुन्हा लावायला सांगितला.

असो. भांडण संपलं. काका, तुम्ही आजीचे सगळ्यांत लाडके. ती दुसरी सीडी आता माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहे. रविवारी घेऊन येते, व्हिडिओवाल्यालाही बोलवा. लाइट जातात तिथपासून लावू.

ता.क. हळदीला मी दोन पांढऱ्या डबल बेडच्या चादरी घेऊन येतेय. धरायला चार उंच माणसं हवीत. जोशात नाचणारे नकोत, हात स्थिर ठेवणारे हवेत. नावं कळवा.